ग्रे ब्यूट केंद्राचा दुपारचा अर्धा तास

लिंडविक, नॉर्थ डकोटा
१२ ऑक्टोबर १९५३, सोमवार

अध्यापिकेच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आल्याबद्दल मिळालेली ही हिरवी वही चार महिने कोरीच राहिली होती. तिच्यात लिहिण्याजोगे काही घडले नव्हते. आज घडले. मला नोकरी लागली, आणि ती शाळेत नाही. वर्गासमोर उभे राहून बोलायचे या कल्पनेनेच माझे तळवे घामेजतात, हे आईखेरीज कुणालाही ठाऊक नाही. टोरसनसाहेबांना बोलणारी नको आहे, लिहिणारी हवी आहे.

त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान आहे. आता त्यांनी दूरचित्रवाणीचे संच विकायला आणले आहेत. "संच आणले खरे," ते म्हणाले, "पण दोनशे मैलांत बघायला चित्रच नाही. गिऱ्हाईक विचारतं, यात दिसतं काय? मी म्हणतो, सध्या तुमचं तोंड दिसतं. म्हणून म्हटलं, चित्रही आपणच काढावं." यात विनोद किती आणि गांभीर्य किती, हे मला ठरवता आले नाही. दुकानामागच्या शेतात मनोऱ्याचा पाया मात्र खणलेला दिसला.

त्यांनी कॉफी विचारली. मी "नको, उगाच कशाला" म्हटले. पुन्हा विचारली, तेव्हा "आत्ताच घेतली" म्हटले, जे खरे नव्हते. तिसऱ्यांदा विचारली, तेव्हा "बरं, इतकं म्हणताय तर अर्धा कप" म्हटले. त्यांनी मान डोलावली. पहिल्याच विचारण्याला होकार देणारा माणूस आमच्याकडे एक तर अधाशी ठरतो, नाही तर परप्रांतातला. मुलाखत तेवढ्यातच झाली असे मला वाटते.

२९ नोव्हेंबर १९५३, रविवार

काल चित्र आले. चित्र म्हणजे एक वर्तुळ, त्यात रेघा, आणि खाली आमच्या केंद्राचे नाव. ते हलत नव्हते, बोलतही नव्हते. शून्याखाली दहा अंश थंडीत साठसत्तर माणसे दुकानाच्या काचेबाहेर उभी राहून ते वर्तुळ पाऊण तास पाहत राहिली. वेंडेल नावाचा इंजिनीअर मनोऱ्यावरून उतरून आला, तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्याशी हात मिळवला आणि म्हटले, "फार वाईट नाही." वेंडेलचे डोळे भरून आले. याहून मोठी स्तुती त्या माणसाने लग्नातसुद्धा केली नसेल.

६ डिसेंबर १९५३, रविवार

टोरसनसाहेबांनी मला हवामान वाचण्यास सांगितले, थेट कॅमेऱ्यासमोर. "तूच लिहितेस, मग तूच वाच." मी नको म्हटले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विषय सोडून दिला. मला सुटल्यासारखे वाटले. इतके सुटल्यासारखे वाटणे बरे नव्हे, हेही नोंदवून ठेवते.

१९ ऑगस्ट १९५८, मंगळवार

परवाना मिळाला! हे आमचे तिसरे केंद्र, पश्चिमेला एकशे चाळीस मैलांवर, ग्रे ब्यूटला, माझ्या आईच्या गावी. मिनियापोलिसच्या एका मोठ्या कंपनीलाही ते हवे होते. वॉशिंग्टनच्या प्रसारण आयोगाने दोघांना एकच प्रश्न विचारला: गावाला काय देणार? मिनियापोलिसकरांचे उत्तर चाळीस पानांचे होते. आमचे एका ओळीचे. टोरसनसाहेब येरझाऱ्या घालत सांगत होते आणि मी टंकित करीत होते: "रोज दुपारी अर्धा तास, ग्रे ब्यूटमधून, ग्रे ब्यूटच्या माणसांसाठी, परवाना आहे तोवर."

"'परवाना आहे तोवर' लिहायचं का?" मी विचारले. "मग ते कायमचं होईल."

"मग होऊ दे की," ते म्हणाले.

ते केंद्र सांभाळायला त्यांनी मलाच पाठवायचे ठरवले आहे. तिथेही मी लिहीनच फक्त. वाचणार मिल्फर्ड एंगेन, जो गावात अंत्यविधी करतो. त्याचा आवाज खर्जातला आणि समजूत घालणारा आहे, आणि कोण गेले हे त्याला सर्वांत आधी कळते.

ग्रे ब्यूट
४ एप्रिल १९५९, शनिवार

जुन्या लोणीघरात आमचा स्टुडिओ आहे. भिंतींना अजून आंबूस वास येतो. एक कॅमेरा, एक टेबल, मागे पडदा. दुपारी बारा ते साडेबारा: कोण जन्मले, कोण गेले, गुरांचा भाव काय, कुणाचा कुत्रा हरवला, कुठल्या चर्चमध्ये जेवण आहे. हसू येईल इतके लहान. पण बारा वाजता रस्त्यावर मोटार दिसत नाही.

कायद्याने आणखी एक गोष्ट ठेवावी लागते, ती म्हणजे लोकांचा खण. केंद्राविषयी आलेले प्रत्येक पत्र आणि परवान्याचा प्रत्येक कागद त्यात ठेवायचा, आणि कुणीही आत येऊन मागितला तर का म्हणून न विचारता त्याच्या हातात द्यायचा. पत्रे तीन वर्षांनी टाकून दिली तरी चालतात. माझ्याने टाकवत नाहीत. खण पाहायला आजवर एकच माणूस आला. नंतर कळले, बाहेर थंडी होती म्हणून.

६ मार्च १९६६, रविवार

चार दिवसांनी वारा थांबला. आता हात थोडे उघडमिट होतात, म्हणून लिहिते.

बुधवारी वादळ आले तेव्हा स्टुडिओत मी आणि वेंडेल दोघेच होतो. तो मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी लिंडविकहून खेपेला आलेला होता. मिल्फर्ड त्याच्या घरात बर्फाखाली अडकलेला. फोन सतत वाजत होता: शाळेची बस होल्टेंच्या गोठ्यात पोचली आहे, मुले सुखरूप आहेत. अमुक घरी औषध नाही. तमुक अजून परतला नाही. मग लिंडविकहून टोरसनसाहेबांचा फोन आला. "आर्डिस, तू वाच."

मी नको म्हटले. तेही अशा वेळी! याची लाज मला आयुष्यभर वाटेल. ते म्हणाले, "बरं, तुला सुचेल ते कर."

मला सुचले ते असे. मी पांढऱ्या पुठ्ठ्यांवर जाड शाईने प्रत्येक निरोप लिहिला आणि वेंडेलने एकामागून एक पुठ्ठे कॅमेऱ्यासमोर धरले, अकरा तास, एक शब्द न उच्चारता. "होल्टेंचा गोठा. मुले एकोणीस. सर्व सुखरूप." हा पुठ्ठा आम्ही वीस वेळा धरला असेल.

"तुझं 'ए' अक्षर फार डौलदार आहे," वेंडेल मध्येच म्हणाला. "पुढच्या वादळात जरा घाईचं काढ."

११ सप्टेंबर १९७१, शनिवार

या वहीकडे फार दिवसांनी वळते आहे. आता आपली सहा केंद्रे झाली आहेत. वेंडेल आता इथे ग्रे ब्यूटलाच असतो. लिंडविकच्या कचेरीत गालिचा आला आहे आणि त्यावर चालताना टोरसनसाहेब अजूनही बूट काढतात. त्यांचा मुलगा कर्टिस शिकागोला वकील झाला. "त्याला यात रस नाही," ते म्हणाले. "नसू दे." मग बराच वेळ बूट पुसत राहिले.

१७ जानेवारी १९७९, बुधवार

आज टोरसनसाहेब एका पाहुण्याला घेऊन आले. टेक्सासचे रेबर्न. त्यांच्या मालकीची अकरा केंद्रे आहेत आणि आपली सहाही त्यांना हवी आहेत. मला लघुलिपीत टिपणे घेण्यासाठी बसवले होते आणि मी टिपत राहिले.

माणूस वाईट नाही. मोठ्याने हसतो, सगळ्यांची नावे लक्षात ठेवतो. मी कॉफी विचारली, तर "वा, द्या की!" म्हणून कप पुढेच केला. मग किटली उचलून आम्हालाही "अजून?" विचारले, आम्ही नको म्हटले तशी खाली ठेवली. वेंडेलने माझ्याकडे पाहिले. रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचेही तेच झाले, पहिल्याच विचारण्याला दोन उचलल्या.

मग मुख्य बोलणे. रेबर्न म्हणाले, "बघा टोरसन, सगळं ठरलंच आहे आपलं. तुमची काही अट असेल तर आत्ताच सांगा. हे लोणीघर आहे, ही माणसं आहेत. तुम्ही म्हणाल ते लिहून देतो."

टोरसनसाहेब म्हणाले, "नको नको. तुम्ही त्रास नका घेऊ."

"छान!" रेबर्न म्हणाले. "असा विकणारा भेटावा लागतो." आणि कागद पुढे सरकवला.

टोरसनसाहेबांनी लगेच सही केली नाही. कप दोन्ही हातांनी धरून ते रेबर्न यांच्याकडे पाहत राहिले, जणू त्यांचे बोलणे अजून संपायचे आहे. मग सही केली. अक्षर इतके वाकडे होते की मला वाटले, चष्मा विसरले असावेत. निघताना कोटाची गुंडी लागेना, ती मी लावून दिली. वजन उतरले आहे. पत्नी ऑड्रीबाई त्यांना हल्ली फार पथ्यावर ठेवतात, असे म्हणाले.

दारात मला हळूच म्हणाले, "एकदाच विचारतो गं तो माणूस. एकदाच."

कॉफीविषयी म्हणत असावेत. रेबर्ननी आम्हाला कुणालाच ती परत विचारली नव्हती हे खरे.

१ मार्च १९७९, गुरुवार

कराराची प्रत खणात ठेवण्यासाठी आली. मी ती ठेवण्यापूर्वी वाचली. मला वाचल्याशिवाय काही ठेवता येत नाही.

नववे कलम: ग्रे ब्यूट येथील स्टुडिओ नव्वद दिवसांत बंद करण्यात येईल आणि तेथून लिंडविकचेच चित्र पुढे पाठवले जाईल.

मी तीनदा वाचले. मग खिडकीशी जाऊन मनोऱ्याकडे पाहिले. मनोरा राहील, त्यावरचा दिवा राहील, चित्रही येत राहील. फक्त त्या चित्रात आम्ही नसू. पुढच्या वादळात होल्टेंच्या गोठ्यातली मुले कुणाच्याही पुठ्ठ्यावर नसतील, कारण पुठ्ठे एकशे चाळीस मैलांवर असतील आणि तिथे होल्टे कोण हे ठाऊक नसेल.

६ मार्च १९७९, मंगळवार

टोरसनसाहेबांना फोन केला. पाच दिवस वाक्ये जुळवून ठेवली होती, त्यांतले एकही आठवले नाही.

"नववं कलम वाचलंत का तुम्ही?"

"वाचलं."

"आणि सही केलीत?"

"शब्द दिला मी, आर्डिस. आता मी काही मागायचं नाही. ते बरं दिसत नाही."

"मग कोणी मागायचं?"

"ते... ते... काय म्हणतात त्याला... तू ते कागद ठेवतेस त्याला?" त्यांना 'खण' हा शब्दच आठवत नव्हता. सव्वीस वर्षांची संस्था विकून माणूस इतका निष्काळजी होतो, याचा मला संताप आला. मी फोन ठेवला. असे मी यापूर्वी कधीही केलेले नाही.

संताप उतरल्यावर मात्र विचार केला. केंद्र विकताना कायद्याने लोकांना ते चार वेळा जाहीर सांगावे लागते आणि महिनाभर कुणालाही आयोगाकडे लिहिता येते. मी नोकर आहे, मालकाविरुद्ध लिहिणार नाही. पण खण माझ्याकडे आहे. जो मागेल त्याला मी तो उघडून देईन. त्यात १९५८ चा कागद अजूनही आहे, 'परवाना आहे तोवर' या शब्दांसह. तो मी टंकित केला होता. तो खोटा ठरू देणार नाही.

१३ मार्च १९७९, मंगळवार

रेबर्न यांच्या वकिलांचा सकाळीच फोन. "जाहीर निवेदन पाठवलंय. पहाटे प्रक्षेपण सुरू होतं ना, तेव्हा वाचून टाका. तेवढं पुरतं."

"आम्ही ते दुपारी बाराला वाचणार आहोत," मी म्हटले.

"कशाला उगीच?"

"त्या वेळी लोक बघतात म्हणून."

हे वाक्य माझ्या तोंडून निघाले यावर माझाच विश्वास बसला नाही. वकिलाचा मजकूर कुणालाही न कळण्यासाठीच लिहिलेला होता. त्याखाली मी सोप्या भाषेत चार ओळी जोडल्या: केंद्र विकले जात आहे, इथला स्टुडिओ बंद होणार आहे, मूळ वचनाचा कागद खणात आहे, लिहायचे असल्यास पत्र आयोगाला आणि प्रत आम्हाला. मिल्फर्डने ते आपल्या खर्जात वाचले. मी दुपारभर दाराकडे पाहत होते. कुणी आले नाही.

१५ मार्च १९७९, गुरुवार

दुसऱ्यांदा वाचले. दुपारच्या टपालाने एक पत्र आले, मिसेस होल्टे यांचे. "मंगळवारी ऐकले. आमचे काही म्हणणे नाही. कळवावे म्हणून कळवले."

वकिलांना तेच हवे होते. "बघितलंत?" फोनवर ते जवळजवळ गात होते. "दोनदा सांगितलं, एक हूं की चूं नाही. कुणाला पडलेलं नाही, बाई!"

घरी आले, आईचे ताट वाढले आणि मागच्या पायरीवर जाऊन रडले. मग तोंड धुतले. अजून दोन निवेदने बाकी आहेत.

२० मार्च १९७९, मंगळवार

मिल्फर्डला आज अंत्यविधी होता, तोही बरोबर बाराचा. बाराला दहा कमी असताना टोरसनसाहेबांचा फोन आला. त्या दिवसानंतर प्रथमच.

"मिल्फर्ड नाहीये म्हणे. तू वाच."

"नको साहेब, मला नाही जमा—"

"आर्डिस." आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "मी तुला पंचवीस वर्षांत दोनदा विचारलं. आता पुन्हा विचारणार नाही मी. तेवढा वेळ नाही."

घड्याळात खरेच दहाच मिनिटे होती. मी हो म्हटले.

कॅमेऱ्यामागे वेंडेल होता. त्याने लाल दिवा रुमालाने झाकला, म्हणजे मला तो दिसू नये. मी जन्म वाचले, मृत्यू वाचले, गुरांचे भाव वाचले. माझे हात टेबलाखाली होते. निवेदन वाचले. कागद संपला आणि अजून अर्धे मिनिट शिल्लक राहिले. मिल्फर्ड अशा वेळी हवामानाचा अंदाज पुन्हा वाचतो. मी कागदावर नसलेली तीन वाक्ये बोलले:

"मी आर्डिस लुंड. वादळातले पुठ्ठे मी लिहिले होते. खण उघडा आहे आणि कॉफी ठेवलेली आहे."

वेंडेलने कॅमेरा बंद केला. "फार वाईट नाही," तो म्हणाला आणि घाईघाईने वायरी गुंडाळू लागला. वायरी आधीच गुंडाळलेल्या होत्या.

२१ मार्च १९७९, बुधवार

सकाळी आठ वाजता दार उघडले तर बाहेर एगिल ब्राटेन उभा. वय ऐंशी, टोपी हातात.

"मी काही तक्रार करायला आलो नाही बरं का."

"नाही, नाही. या ना आत."

"असंच इकडून चाललो होतो." त्याचे शेत बावीस मैलांवर आहे. "तो खण म्हणजे... बघायलाच पाहिजे असं काही नाही."

"बघा तरी."

"नको, तुझ्या कामाची खोटी."

"काहीच खोटी नाही, एगिल. बसा."

"बरं, तू इतकं म्हणतेस तर."

तो १९५८ चा कागद त्याने बोट ठेवून वाचला. मग विचारले, "हे असं लिहिलंय, तर ते करणार नाहीत?" मी कायद्याने काही मत देऊ शकत नव्हते. वेंडेलने त्याच्यासमोर लेखणी ठेवली.

त्याच्यामागून मिसेस होल्टे आल्या, मग त्यांची सून, मग चर्चमधल्या बायका लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, घेऊन. दुपारपर्यंत रांग फाटकाबाहेर गेली. रांगेत प्रत्येक जण मागच्याला म्हणत होता, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही," त्यामुळे ती पुढे सरकत नव्हती.

२८ मार्च १९७९, बुधवार

पत्रे तीनशे सव्वीस. खण भरला, आता लोण्याच्या जुन्या पेट्या वापरते आहे. पहिल्या दोन निवेदनांना उत्तर नव्हते आणि तिसऱ्यालाच ही रीघ का, याचा मी विचार करीत होते. मला वाटते, दरम्यान रस्ते मोकळे झाले.

वेंडेल माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत राहिला. "रस्ते," तो म्हणाला. "हो, रस्तेच असणार."

एक पत्र उतरवून ठेवते: "स्टुडिओ बंद करू नये असे आम्ही म्हणत नाही. तो तुमचा प्रश्न आहे. मात्र बंद केलात, तर ते आमच्या लक्षात राहील."

११ एप्रिल १९७९, बुधवार

रेबर्न स्वतः आले. सोबत टोरसनसाहेब, काठी घेऊन. गुडघा दुखतो म्हणाले. आयोगाने पत्रांची दखल घेतली आहे. सुनावणी लागली तर वर्षभर सगळे खोळंबेल.

रेबर्न यांनी एक पेटी ओढली आणि उभ्याउभ्या वीस पत्रे वाचली. "मला कळत नाही," ते म्हणाले, "ह्यात तक्रार कुठाय? ही बाई म्हणते, 'सर्व ठीक आहे.' हा म्हणतो, 'आमची हरकत नाही, फक्त वाईट वाटले.'"

"साहेब," वेंडेल म्हणाला, "हे आमच्याकडचं ओरडणं आहे."

"पण मी विचारलं होतं! इथेच बसून विचारलं होतं, काही अट आहे का. टोरसन नको म्हणाले. खोटं असेल तर सांगा."

मी जानेवारीचे टिपण काढले. तिथे त्यांचा प्रश्न होता, त्याखाली टोरसनसाहेबांचे "नको नको", आणि त्याखाली सही. मी मागचे पान पाहिले, पुढचे पाहिले. प्रश्न एकदाच होता. माझ्याच हाताने टिपलेला, तीन महिने माझ्याच टेबलात पडलेला, आणि मी तो आज पहिल्यांदा वाचला. मान वर केली तर टोरसनसाहेब माझ्याकडे पाहत होते. आताही ते मागणार नव्हते. बरे दिसले नसते.

"एकदाच विचारलंत तुम्ही," मी रेबर्नना म्हटले.

"मग किती वेळा विचारायचं असतं?"

वेंडेलने तीन बोटे वर केली. रेबर्न आळीपाळीने आम्हा तिघांकडे पाहत राहिले. मग खुर्ची ओढून बसले, आणि त्यांच्या बाजूने एवढे लिहायलाच हवे, ते हसले नाहीत. "बरं. पहिल्यापासून. तुम्हा लोकांना काय हवंय?"

माझ्या जिभेवर "काही नको" आले होते. सत्तेचाळीस वर्षे तेच येत आले आहे. टोरसनसाहेबांच्या काठीवरचा हात थरथरत होता आणि ते गुडघ्यामुळे नव्हते.

"हवंय," मी पहिल्याच विचारण्याला म्हटले. "रोज दुपारी अर्धा तास, ग्रे ब्यूटमधून, ग्रे ब्यूटच्या माणसांसाठी. परवाना आहे तोवर, मालक कुणीही असो. आणि वादळात प्रक्षेपण आमच्या हाती, लिंडविकला न विचारता. नववं कलम काढा. हे घाला."

टोरसनसाहेबांच्या घशातून एक आवाज आला. मला आधी ठसका वाटला. ते हसत होते.

रेबर्न यांनी लेखणी काढली, मग थांबले. "नक्की? की अजून दोनदा विचारू?"

"विचारा," मी म्हटले. "उत्तर हेच येईल."

त्यांनी खरेच दोनदा विचारले. कलम मी स्वतः टंकित केले.

१ जून १९७९, शुक्रवार

आजपासून आम्ही टेक्सासकरांचे. पाटीवर नवे नाव आहे. मनोऱ्याने अद्याप काही मनावर घेतलेले दिसत नाही. मिल्फर्डने मृत्यू वाचले, जन्म आणि बाकीचे मी. हात अजून टेबलाखालीच असतात.

साडेबाराला मी रोचेस्टरच्या रुग्णालयात टोरसनसाहेबांना फोन लावला. ऑड्रीबाईंनी सांगितले होते, दातांसाठी नेले आहे. दातांना इतके आठवडे लागत नाहीत, हे मला एप्रिलमध्येच कळायला हवे होते. मला टिपता सगळे येते, वाचायला उशीर लागतो.

"कसा झाला अर्धा तास?" त्यांनी विचारले. आवाज फार लांबून आल्यासारखा होता.

"फार वाईट नाही."

"इथे आपलं चित्र येत नाही. कुठलं तरी दुसरंच लावतात. त्यात कुणी ओळखीचं नसतं."

"आजचं वाचून दाखवू का?"

"नको गं. कामात असशील."

"कागद हातातच आहेत. वाचू?"

"नको, उगाच कशाला. फोनचा खर्च."

वेंडेलने खुर्ची माझ्यामागे आणून ठेवली. मी बसले आणि कागद सरळ केले.

"साहेब," मी तिसऱ्यांदा विचारले, "वाचू का?"

तारेत थोडी खरखर झाली.

"बरं," ते म्हणाले. "तू इतकं म्हणतेस तर."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ब्राटेन यांच्या नातीला मुलगी झाली. बाळ आणि आई सुखरूप आहेत. गुरांचा भाव थोडा चढला. होल्टे यांचा काळा कुत्रा सापडला.